ऑफिसातले टॅग आणि न सापडणारे कागद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीतल्या तीसेक माणसांच्या एका ऑफिसात कागदपत्रांचा साठा मी सांभाळतो. आमचे काम जमिनीच्या सल्ल्याचे: मोजणी, नकाशे, सनदा, कुळाचे आणि मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, दावे. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे स्कॅन सर्व्हरवर चढवले आणि ज्याला जो टॅग, म्हणजे कागद शोधता यावा म्हणून त्याला जोडलेला शब्द, सुचेल तो लावायची मुभा दिली. त्यानंतर काय काय झाले ते ऐकून इतर ऑफिसांतले लोक, वेर्ण्यातल्या कारखान्यातले, पतसंस्थेतले, एका शाळेतले, तेच ते प्रश्न विचारू लागले. प्रत्येकाला वेगळे सांगून दमलो, म्हणून हे लिहून काढले.

सोशल टॅगिंग म्हणजे नेमके काय? फोल्डर होतेच की.

फोल्डरमध्ये कागद एकाच जागी बसतो. म्हापशातल्या कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकीच्या सामाईक, जमिनीत मुंडकाराचे घर आहे, त्याचा नकाशा आला. तो 'म्हापसा'मध्ये ठेवायचा, 'कोमुनिदाद'मध्ये की 'मुंडकार'मध्ये? कुठेही ठेवला तरी उरलेल्या दोन ठिकाणी शोधणारा हात हलवत परत जातो. टॅग तिन्ही लावता येतात, भांडण मिटते.

'सोशल' यासाठी की हे शब्द ग्रंथपाल किंवा साहेब ठरवून देत नाही, वापरणारेच लावतात आणि एकमेकांचे टॅग सगळ्यांना दिसतात. २००३ साली सुरू झालेल्या डिलिशस या दुवे साठवण्याच्या संकेतस्थळाने आणि २००४ मधल्या फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाने ही पद्धत लोकांच्या अंगवळणी पाडली. थॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ मध्येच तिला 'फोक्सॉनॉमी' हे नाव दिले. मराठीत 'लोकवर्गीकरण' म्हणता येईल. आमच्याकडे कोणी म्हणत नाही, सगळे 'टॅग मार रे त्याला' म्हणतात.

इंटरनेटवर हे इतके छान चालते. ऑफिसात का फसते?

गर्दी नसते म्हणून. हे एकच कारण नीट समजले तर पुढचे अर्धे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

डिलिशसवर एकच दुवा हजारो लोक साठवत. कोणी काहीही खुळचट टॅग लावला तरी बाकीच्यांच्या शब्दांखाली तो बुडून जाई. स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी २००६ मध्ये दाखवले की एका दुव्याला साधारण शंभरेक लोकांनी टॅग लावले की कोणता शब्द किती वेळा येतो याचे प्रमाण स्थिर होते. पुढे कितीही लोक आले तरी चित्र फारसे हलत नाही. म्हणजे शहाणपण गर्दीचे आहे, एकेका माणसाचे नव्हे.

आता आमचे ऑफिस बघा. तीस माणसे, हजारो कागद. बहुतेक कागदांना आयुष्यात एकाच माणसाने टॅग लावलेला असतो, तोही स्कॅनरसमोर उभे राहून, घाईत, जेवणाच्या सुट्टीआधी. त्याने जो शब्द टाकला तोच कायमचा. शंभर मते पडायची तिथे एकच पडते आणि तोच निकाल.

आयबीएमने २००६ च्या सुमारास डॉगइअर नावाची अशी सेवा कंपनीच्या आतल्या आत चालवली. पण तिथे तीन लाखांहून जास्त कर्मचारी होते. तिथले पाहून आपण तीस माणसांच्या ऑफिसात तेच करायला जातो आणि मग म्हणतो, 'लोकांना शिस्त नाही'. शिस्तीचा संबंध कमी, संख्येचा जास्त.

पण सगळे सुशिक्षित आहेत, एकाच विषयात काम करतात. शब्द सारखेच सुचणार ना?

नाही सुचत. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली हे मोजून पाहिले: एकाच गोष्टीला दोन माणसांनी आपणहून तोच शब्द देण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली.

आमच्याकडे तर जमिनीच्या एका साध्या उताऱ्याची चार नावे आहेत. मोजणीवाले त्याला 'एक-चौदा' म्हणतात. वकिलीकडचे 'फॉर्म वन फोर्टीन'. हिशेबातली बाई नुसते 'उतारा' लिहिते. आणि कोल्हापूरहून आलेला आमचा एक सहकारी चार वर्षे गोव्यात काढूनही 'सातबारा' असाच टॅग मारतो. त्याला रागावून उपयोग नाही, त्याच्या डोक्यात तो कागद त्याच नावाने बसला आहे. तसेच 'सनद', 'रूपांतरण' आणि 'कन्व्हर्शन'. तसेच 'टीसीपी' आणि 'नगरनियोजन'. अनुभवी माणूस चारही शब्द टाकून शोधतो. नवीन मुलगा एक टाकतो, तीन फाइली सापडतात, त्याला वाटते इतकेच आहे. काहीच न सापडणे परवडले, कारण मग माणूस निदान विचारायला येतो. अर्धे सापडणे जास्त महाग पडते.

गोव्यात हा त्रास जास्त आहे का?

आहे, आणि तो गावांच्या नावांनी सुरू होतो. पणजीला मराठीत पणजी, कोकणीत पणजे, इंग्रजीत पंजिम, जुन्या पोर्तुगीज कागदात पांजिम किंवा पांगीं. म्हापसा, म्हापशें, मापुसा. डिचोलीला कोकणीत दिवचल, इंग्रजीत बिचोलिम. सांखळी आणि सांकेलिम, केपे आणि केपेम, पेडणे आणि पेर्नेम. पणजी ज्यात येते त्या तिसवाडी तालुक्याचा १९६१ आधीचा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला, कागद असेल तर त्यावर 'इल्यास' म्हणजे नुसतेच 'बेटे' असे लिहिलेले असते. ज्याला हे माहीत नाही तो तिसवाडी शोधून थकेल.

कागदपत्रांच्या भाषाही तेवढ्याच. वडिलोपार्जित दस्त पोर्तुगीजमध्ये, मुक्तीनंतरचे बरेचसे इंग्रजीत, देवस्थानाचे आणि गावकऱ्यांचे अर्ज मराठीत, अलीकडे कोकणीतही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. त्या वादात इथे शिरत नाही, चहाला आलात तर बोलू. मुद्दा एवढाच की कागद ज्या भाषेत आहे त्याच भाषेत हात आपोआप टॅग लिहितो, आणि शोधणारा आपल्या भाषेत शोधतो.

यावर एकच इलाज कामी आला. गावांची यादी आम्ही लोकांच्या हातून काढून घेतली. गाव निवडायचे तर ते तालुक्यासह ठरलेल्या यादीतून, आणि प्रत्येक गावाच्या पोटात त्याची सगळी नावे भरलेली. 'बिचोलिम' टाका की 'दिवचल', 'डिचोली' उघडते. दोन पावसाळे गेले त्या यादीत, पण तेवढे एक काम सार्थकी लागले.

टॅग देवनागरीत लिहावेत की रोमनमध्ये?

ज्यात तुमची माणसे शोधतात त्यात. पण देवनागरी निवडलीत तर दोन खड्डे आधी माहीत असू द्या.

पहिला खड्डा डोळ्यांना दिसत नाही. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातला र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका कीबोर्डवर त्यासाठी वेगळे अक्षर आहे, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त देऊन न दिसणारे जोडचिन्ह घातले जाते. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन. जुन्या फाँटमधून रूपांतर केलेल्या मजकुरात 'आ' हे अक्षर कधी कधी 'अ' अधिक काना असे दोन तुकड्यांचे असते, तेही तसेच. आमच्या टॅगयादीत 'आराखडा' एकाखाली एक दोनदा दिसायचा. मी एक पुसला, तर त्याच्याबरोबर चाळीसेक फाइलींचा टॅग गेला. बॅकअप होता म्हणून निभावले.

दुसरा खड्डा आपल्या व्याकरणाचा. इंग्रजीत नाव जसेच्या तसे राहते. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचे तोंडच बदलते: म्हापसा, म्हापशाचे. पेडणे, पेडण्यातले. फोंडा, फोंड्याची फाइल. बोलताना जसे येते तसे लोक टॅगमध्ये लिहितात. म्हणून आमचा भिंतीवर चिकटवलेला नियम एका ओळीचा आहे: टॅग प्रथमेत लिहा. शाळेतले विभक्तीचे कोष्टक इतक्या वर्षांनी असे उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

एकाच टॅगचे दोन अर्थ झाले तर?

होतातच. 'साळ' हे डिचोली तालुक्यातले गाव, होळीला गड्यांची जत्रा भरते ते. 'साळ' ही गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातून वाहणारी नदीही. नदीकाठच्या बांधकामाची फाइल शोधणाऱ्याला गावातल्या काजूच्या बागेचा वाद सापडतो. 'फोंडा' म्हटले की सिंधुदुर्गातला फोंडाघाटही डोकावतो, कारण आमची तिकडेही दोन कामे झाली. 'मानस' म्हणजे खाजन शेतीच्या, म्हणजे भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीच्या, बांधातले पाण्याचे दार. आणि आमच्या एका अशिलाच्या मुलाचे नावही मानस.

टॅगच्या शेजारी त्याची जात लिहा, म्हणजे गाव, नदी, व्यक्ती, वस्तू. 'साळ, नदी' एवढे पुरते. त्याहून मोठी यंत्रणा लागत नाही.

'दुसरी फेरी' म्हणजे काय?

हा प्रश्न आमच्या ऑफिसातच मला विचारला गेला. मे महिन्यात, सुनावणीच्या आदल्या दिवशी, एका खाजन बांधाचा मोजणी नकाशा हवा होता. 'बांध' टाकून पाहिले, 'खाजन' टाकून पाहिले, 'मानस'ही पाहिले, अशिलाच्या नावाने शोधले. काही नाही. नकाशा केला होता हे तिघांना आठवत होते, एकाने तर तो रंगवलाही होता. शेवटी ज्याने काम केले होते त्या मुलाला फोन लावला. तो तोवर आखातात गेलेला. तिकडून हसत म्हणाला, 'अहो, दुसरी फेरी टाकून बघा.' टाकले. एकोणीस फाइली आल्या, त्यातली सातवी आपली.

भरती उतरल्यावर बांधावर पुन्हा जायचे, ती त्याची दुसरी फेरी. जिथे जिथे दुसऱ्यांदा जायचे होते तिथे त्याने तो टॅग लावून ठेवला होता. त्याचे काही चुकले नव्हते. टॅग त्याने स्वतःसाठी लावला आणि त्याला तो लगेच सापडतही होता.

ऑफिसातल्या टॅगिंगची खरी मेख इथे आहे. लावणारा स्वतःच्या आजच्या सोयीसाठी लावतो. शोधणारा दुसराच असतो, दोन वर्षांनी येतो आणि त्याला त्या दिवशीची भरती-ओहोटी ठाऊक नसते. 'तातडीचे', 'वाचायचे', 'सरांना दाखवणे', 'नंतर बघू' हे सगळे त्याच घराण्यातले. आमच्या सर्व्हरवर 'तातडीचे' असलेली सर्वात जुनी फाइल ज्या कामाची, ते अशील वारून तीन वर्षे झाली.

असे टॅग बंद करू नका. लोकांना ते हवे असतात, बंद केले तर लोक टॅगिंगच सोडतात. त्यांना वेगळा कप्पा द्या: 'माझे टॅग', फक्त त्यालाच दिसणारे. माणूस नोकरी सोडताना चावी आणि ओळखपत्र परत घेतो, तसा अर्धा तास बसून त्याचा हा कप्पाही घ्या. कोणता शब्द कशासाठी, लिहून घ्या.

टॅग शिळे होतात का?

'सीआरझेड' हा टॅग घ्या. किनारी क्षेत्राची अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. अंतरांचे नियम तिन्हींत सारखे नाहीत. नुसत्या 'सीआरझेड'वरून कोणत्या नियमाने सल्ला दिला होता हे कळत नाही, आणि जुना सल्ला नवीन समजून कोणी वापरला तर ऑफिसच्या नावावर येते. कायद्याच्या टॅगला साल जोडणे आम्ही सक्तीचे केले आहे. धारबांदोडा तालुका झाला तेव्हाही तसेच झाले: आधीच्या फाइलींवर 'सांगे', नंतरच्यांवर 'धारबांदोडा', गाव तेच.

मग मोकळे टॅग सोडून पक्की यादीच का करू नये?

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाला हा प्रश्न विचारलात तर तो खुलतो, म्हणून थोडे लांबते. ग्रंथालयांतली ड्युईंची दशांश पद्धत १८७६ ची. तिच्यात प्रत्येक पुस्तकाला ठरलेला एक खण. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण आणले. त्यांनी विषयाचे पाच पैलू पाडले, व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल, आणि हे तुकडे जोडून क्रमांक तयार करायचा. टॅग लावताना आपण नकळत रंगनाथनांच्याच वाटेने जातो, फक्त पैलूंची नावे विसरून. म्हणून 'अवकाश' आणि 'काल' एकाच पिशवीत 'तातडीचे'शेजारी पडतात.

पूर्ण पक्की यादी आम्ही आधी वापरून पाहिली होती. तिच्यात 'इतर' नावाचा एक खण होता. वर्षभरात निम्मा साठा 'इतर'मध्ये. यादी करणाऱ्याला जे सुचले नव्हते ते सगळे तिथे जाऊन पडले. आणि यादीत नसलेला शब्द हीच बातमी असते. 'अल्वारा' आणि 'आफ्रामेंत' हे सत्तरी तालुक्यातल्या, पोर्तुगीज काळात दिलेल्या जमिनींचे शब्द आमच्या यादीत नव्हतेच. मोकळे टॅग सुरू झाले आणि आठवड्याभरात ते वर आले, कारण सत्तरीचे काम बघणारी मुलगी ते रोज बोलत होती.

आता आम्ही चार गोष्टी बांधून ठेवल्या आहेत: गाव, सर्व्हे क्रमांक, कागदाचा प्रकार, साल. बाकी मोकळे. दर तिमाहीला मोकळ्यातले जे शब्द तीनपेक्षा जास्त माणसांनी वापरले ते यादीत घेतो. इतर ऑफिसांत बांधायच्या गोष्टी वेगळ्या असतील. कारखान्यात यंत्र आणि सुटा भाग, पतसंस्थेत शाखा आणि कर्जप्रकार.

लोक टॅग लावतच नाहीत. बक्षीस ठेवावे का?

आम्ही ठेवले होते. सर्वात जास्त टॅग लावणाऱ्याला दर महिन्याला काजूची एक किलोची पिशवी. पहिल्या महिन्यात एका बहाद्दराने प्रत्येक फाइलीला 'जमीन', 'गोवा' आणि 'कागद' असे तीन टॅग लावून पिशवी नेली. जमिनीच्या ऑफिसात 'जमीन' या टॅगचा उपयोग काय? जो शब्द सगळीकडे आहे तो काहीच वेगळे काढत नाही. कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये शोधयंत्रांसाठी हेच गणितात मांडले: शब्द जितक्या कमी कागदांत, तितके त्याचे वजन जास्त. बक्षीस दुसऱ्या महिन्यात बंद.

ज्याचा टॅग वापरून दुसऱ्याला कागद सापडला त्याला ते कळवणे मात्र चालले. 'तुमच्या टॅगमुळे फाइल सापडली' एवढा मेसेज. फुकट आहे आणि माणूस सुखावतो.

साहेबांनी चुकीचा टॅग लावला तर?

सगळे तोच लावू लागतात. सरांनी एकदा 'सेटलमेंट'चे स्पेलिंग चुकवले आणि सहा महिने ऑफिस तसेच लिहीत होते, दुरुस्त करायला कोणी धजेना. ऑफिसातली गर्दी छोटी तर असतेच, शिवाय तिला वरिष्ठ-कनिष्ठ कळते. बदल सुचवणाऱ्याचे नाव दिसणार नाही अशी सोय ठेवा.

टॅगमध्ये काय लिहू नये?

माणसांबद्दलची मते. 'कटकट्या', 'पैसे बुडवणार', 'घरात भांडण' हे टॅग मी स्वतः पाहिले आणि पुसले आहेत. फाइल एक दिवस अशिलाच्या हाती जाते, टॅगसकट. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात ठेवा.

आता सगळ्या मजकुरात सर्च होतो. टॅग हवेतच कशाला?

मजकूर वाचता आला तर होतो. आमच्याकडे हस्तलिखित पोर्तुगीज दस्तांचे स्कॅन आहेत, नकाशे आहेत, आणि श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेली मराठी पत्रे आहेत, जी डोळ्यांना मराठी दिसतात पण आत रोमन अक्षरांचा कालवा असतो. त्या कागदांना धरायला टॅग ही एकच मूठ. नव्या इंग्रजी पीडीएफसाठी मात्र मीही आता टॅगचा आग्रह धरत नाही.

एआय हे काम करील का?

सुचवण्यापुरते चांगले करतो. गाव आणि साल तो पटकन उचलतो. पण आपल्या ऑफिसात कोणता फरक महत्त्वाचा, हे त्याला सांगावे लागते. न सांगता सोडला तर तोही काजूची पिशवी नेणाऱ्यासारखाच वागतो: 'जमीन', 'मालमत्ता', 'कायदेशीर दस्तऐवज'. आम्ही त्याला आमची यादी देतो, तो तीन शब्द सुचवतो, माणूस एक ठेवतो.

एका कागदाला किती टॅग?

बांधलेले चार, मोकळे दोन-तीन. दहाच्या वर कोणी गेला तर तो कंटाळलेला आहे.

सुरुवात कुठून करावी, आणि हे काम कोणाचे?

टॅग साफ करायला बसू नका, ते संपत नाही. लोकांनी काय शोधले आणि काहीच सापडले नाही, त्या शब्दांची नोंद बहुतेक प्रणाली ठेवतात. ती यादी मागवा. आठवड्याला वीस-पंचवीस शब्द असतात. प्रत्येकासमोर आपल्याकडचा खरा शब्द लिहून जोडून टाका. 'सातबारा' समोर 'एक-चौदा' मी असाच जोडला आणि कोल्हापूरच्या मित्राला काही न सांगता त्याचा प्रश्न सुटला.

काम एका माणसाच्या नावावर असू द्या, आठवड्याला अर्धा तास. 'सगळ्यांनी मिळून' म्हटले की कोणीच करत नाही. गेल्या चवथीला मी दहा दिवस गावी होतो आणि बदली माणूस नेमायला विसरलो. परत आलो तर यादीत एकशे बारा शब्द साचले होते. त्यात म्हापसा पाच तऱ्हांनी, आणि एका नवीन मुलीने तीनदा शोधलेले 'दुसरी फेरी'.